फ्री एजंट शूटरच्या मागे लागताना संघ नेमके काय विकत घेतो?

प्रश्न तीन भागांत आला आहे. दर जुलैत अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले संघ एखाद्या फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या, शूटरच्या मागे का लागतात? त्याला किती पैसे द्यायचे हे कसे ठरते? आणि थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी जास्त असलेल्या खेळाडूपेक्षा कमी टक्केवारीच्या खेळाडूला कधीकधी दुप्पट पगार कसा मिळतो? मी महाराष्ट्रात अनेक वर्षे बास्केटबॉल शिकवत आलो आहे आणि शूटर घडवणे हा माझ्या कामाचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे. त्यामुळे पैशांच्या बातमीपेक्षा कोर्टवर काय घडते तिथून मी सुरुवात करतो.

थोडक्यात उत्तर आधी देतो. शूटरची किंमत तो ज्या संघात जाणार आहे त्या संघातल्या इतर चौघांवर अवलंबून असते. तोच खेळाडू एका संघासाठी अजिंक्यपदाचा शेवटचा दुवा ठरतो आणि दुसऱ्या संघात महाग शोभेची वस्तू होऊन बसतो. म्हणून शहाणा संघ बाजारात उतरण्यापूर्वी आपल्याच घरात पाहतो: दोन बचावपटूंना स्वतःकडे ओढून घेईल असा खेळाडू आपल्याकडे आहे का? तो असेल तरच शूटरवर खर्च करण्यात अर्थ आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे कोर्टवर कसे दिसते ते पाहा. चेंडू हाताळणारा खेळाडू उजवीकडून स्क्रीनचा, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याचा, फायदा घेत रिंगकडे घुसतो. त्याच्यावरचा बचावपटू अर्धे पाऊल मागे पडलेला असतो, म्हणून विरुद्ध बाजूच्या कॉर्नरमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूचा बचावपटू आपला माणूस सोडून रिंगखाली मदतीला येतो. सगळ्या आधुनिक बचावाची भिस्त या एका मदतीवर आहे. कॉर्नरमधला खेळाडू सामान्य असेल तर मदतीला येणारा निर्धास्त येतो. तिथे नावाजलेला शूटर उभा असेल तर तो अर्ध्यावर घुटमळतो, कारण चेंडू कॉर्नरमध्ये पोहोचायला सेकंदही लागत नाही आणि त्याला तेवढ्यात चार-पाच मीटर परत धावायचे असते. या घुटमळण्यामुळे घुसलेल्या खेळाडूला सोपी बास्केट मिळते आणि गुणपत्रिकेत शूटरच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. माझ्या मते, संघ पगार मोजतात तो मुख्यतः या न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी.

एनबीएच्या नियमांनी या परिणामाला आणखी धार आणली आहे. तिथे बचावपटूला कोणाला अगदी जवळून अडवत नसताना रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात आणि त्यांत बचावावर असे बंधन नाही. एखादा उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो, त्यामुळे आपल्या कोर्टवर शूटरने मोकळी केलेली जागा बऱ्याचदा तोच भरून काढतो. अंतरही वेगळे आहे. फिबाची थ्री-पॉइंट रेषा ६.७५ मीटरवर आहे आणि एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर. कॉर्नरमध्ये मात्र एनबीएची रेषा सुमारे ६.७० मीटरवर येते, म्हणून तिथल्या कॉर्नरला एवढे मोल. इथले सामने पाहून तिथल्या शूटरच्या पगाराचे आश्चर्य वाटत असेल तर त्याचे निम्मे कारण या फरकांत आहे.

आता टक्केवारीकडे वळतो, कारण बहुतेक वाचक तिथेच फसतात. एका हंगामात ४०० थ्री-पॉइंटर मारणारे दोन खेळाडू घ्या. एकाचे १६० आत गेले, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्याचे १४८ गेले, म्हणजे ३७ टक्के. बातमीत पहिला उत्कृष्ट ठरतो आणि दुसरा बरा. प्रत्यक्षात फरक १२ शॉटचा आहे आणि हंगामात ८२ सामने असतात, म्हणजे सुमारे सात सामन्यांत एक शॉट. रिंगवर गोल फिरून बाहेर पडणाऱ्या चेंडूंचा हिशेब धरला तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. संख्याशास्त्राच्या भाषेत, खरी क्षमता ३८ टक्क्यांची असली तरी ४०० प्रयत्नांत निकाल दोन-अडीच टक्के वर किंवा खाली जाणे अगदी स्वाभाविक आहे. एका चांगल्या हंगामावर विसंबून चार-पाच वर्षांचा करार देणारा संघ म्हणूनच मोठी जोखीम पत्करत असतो.

अनुभवी माणसे टक्केवारीच्या आसपासच्या गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे प्रयत्नांची संख्या. अंगावर बचावपटू धावून येत असतानाही दर सामन्यात आठ थ्री-पॉइंटर मारणाऱ्याच्या ३७ टक्क्यांची दहशत मोकळ्या जागी उभे राहून अडीच मारणाऱ्याच्या ४१ टक्क्यांपेक्षा खूप जास्त असते. दुसरी, फ्री थ्रो. तिथे अडवायला कोणी नसते, त्यामुळे हाताची खरी गुणवत्ता तिथे निर्भेळ दिसते आणि पुढच्या वर्षीच्या थ्री-पॉइंटरचा अंदाज त्यावरून बरा बांधता येतो. तिसरी गोष्ट आकड्यांत येत नाही, ती म्हणजे पाय. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पालक मनगट पाहतात. मी आधी पास हातात येण्यापूर्वी मुलाचे पाय कुठे आहेत ते पाहतो. गुडघे आधीच वाकलेले, पाय रिंगच्या दिशेने लागलेले आणि चेंडू घेताना शरीर वर उठण्याच्या तयारीत असेल, तर अर्ध्या-पाऊण सेकंदात शॉट सुटतो. चेंडू घेऊन मग पाय लावणाऱ्याला तेवढ्यात बचावपटू गाठतो. धावत येऊन, वळून, स्क्रीनला वळसा घालून ज्याचे पाय दरवेळी सारखे लागतात, त्याच्यासाठी प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला आपली सगळी योजना बदलावी लागते. काइल कोर्व्हरने २०१४-१५ मध्ये अटलांटाकडून ४९.२ टक्के थ्री-पॉइंटर मारले. त्याची सरासरी केवळ १२.१ गुणांची होती, तरी त्याची निवड ऑल-स्टार सामन्यासाठी झाली आणि अटलांटाने ६० सामने जिंकले. त्याचा करार ४ वर्षांचा आणि २.४ कोटी डॉलरचा होता. माझ्या पाहण्यात शूटरवर इतके सार्थकी लागलेले पैसे फार थोडे आहेत.

या विषयात अभ्यासण्यासारखे सर्वोत्तम प्रकरण मात्र २०१२ सालचे, रे ॲलनचे. तो तेव्हा ३७ वर्षांचा होत होता. थ्री-पॉइंटरचा सर्वकालीन विक्रम त्याच्या नावावर होता आणि पाच हंगाम तो बोस्टनमध्ये होता. बोस्टनने त्याला दोन वर्षांसाठी सुमारे १.२ कोटी डॉलर देऊ केले. मायामीकडे सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरील मर्यादेच्या, नियमांमुळे एकच छोटी सवलत शिल्लक होती, पहिल्या वर्षासाठी ३०.९ लाख डॉलरची. म्हणजे निम्माच पगार, आणि तोही अशा संघाचा ज्याने महिनाभरापूर्वीच बोस्टनला सात सामन्यांच्या मालिकेत हरवले होते. ॲलनने मायामी निवडली. जुने सहकारी दुखावले आणि पुढे अनेक वर्षे तो दुरावा जाहीरपणे दिसत राहिला.

त्याने असे का केले याची उत्तरे शोधताना लोक निष्ठेच्या गप्पांत अडकतात. मला त्यात एका शूटरचा सरळ व्यावहारिक विचार दिसतो. बोस्टनमध्ये एव्हरी ब्रॅडली या तरुणाने सुरुवातीच्या पाचांतली त्याची जागा घेतली होती, त्याच हंगामात त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवण्याचा व्यवहार शिजून मग फिसकटला होता, आणि त्याचा घोटा दुखावलेला होता. मायामीत त्याला राखीव खेळाडू म्हणूनच यायचे होते, पण लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड असे दोघे तिथे होते की त्यांतल्या कोणीही चेंडू घेऊन घुसले की बचाव कोसळतच असे. आपल्याला मोकळे शॉट कुठे मिळतील, हे शूटरला कोणाही हिशेबनिसापेक्षा चांगले कळते. २०१२-१३ मध्ये ॲलन दर सामन्यात सुमारे २६ मिनिटे खेळला आणि त्याने ४१.९ टक्के थ्री-पॉइंटर मारले. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे हातात पडणाऱ्या रकमेतला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा थोडा कमी होता, हेही लक्षात ठेवावे.

मग १८ जून २०१३ चा अंतिम मालिकेतला सहावा सामना आला. मालिकेत सॅन अँटोनियो ३-२ ने पुढे होता. शेवटच्या काही सेकंदांत मायामी ९२-९५ ने मागे होती. लेब्रॉनचा थ्री-पॉइंटर हुकला, क्रिस बॉशने रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेतला, ॲलन रिंगजवळून मागे मागे सरकत उजव्या कॉर्नरमध्ये गेला, पास घेतला आणि ५.२ सेकंद उरलेले असताना बरोबरी साधली. मायामीने तो सामना जादा वेळेत १०३-१०० असा जिंकला आणि दोन दिवसांनी अजिंक्यपद मिळवले. त्या शॉटमागे अपघात नव्हता. रेषेमागे पाय खाली न पाहता लागले, कारण व्यावसायिक कारकिर्दीच्या सुरुवातीपासून ॲलन एक विचित्र वाटणारा सराव करीत असे: रिंगसमोर जमिनीवर आडवे पडायचे, झटकन उठायचे, पाठमोरे धावत कॉर्नर गाठायचा, पास घ्यायचा आणि शॉट मारायचा. हा सराव मी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचा पाय रेषेवर पडतो किंवा टाच मैदानाबाहेर जाते.

त्याच क्षणातली एक बाजू फारशी बोलली जात नाही आणि मला ती शॉटपेक्षाही महत्त्वाची वाटते. त्या वेळी सॅन अँटोनियोचा सर्वोत्तम रिबाउंडर टिम डंकन कोर्टवर नव्हता. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी त्याला बाहेर बसवले होते, कारण मायामीने कोर्टवर शूटर पसरवले होते आणि स्क्रीन लागताच एकमेकांचे माणूस बदलून रेषेपर्यंत धावतील असे चपळ खेळाडू त्यांना हवे होते. निर्णय तर्काला धरून होता. पण त्यामुळे रिंगखाली बॉशला अडवायला डंकन उरला नाही. शूटरने चेंडूला हात लावण्याआधीच समोरच्या संघाची रचना बदलवली, ती ही अशी. मायामीने ३०.९ लाख डॉलर मोजले त्यात हेही आले.

आता पैशांच्या नियमांकडे. आपल्या वाचकांना आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे जो जास्त बोली लावतो त्याच्याकडे खेळाडू जातो. एनबीएत करार संपलेला खेळाडू स्वतः संघ निवडतो, आणि संघाला हवे तेवढे पैसे देता येतातच असे नाही. २०२४-२५ साठी सॅलरी कॅप १४.०५८८ कोटी डॉलर होती, परंतु बहुतेक चांगले संघ तिच्या वर असतात आणि त्यांना बाहेरचा खेळाडू घेण्यासाठी ठरावीक सवलतीच वापराव्या लागतात. त्यांतली मोठी सवलत त्या वर्षी १.२८२२ कोटींची होती. जास्त खर्चिक संघांसाठी ती ५१.६८ लाखांवर येत होती, आणि १८.८९३१ कोटींची आणखी वरची मर्यादा ओलांडलेल्या संघांना तीही मिळत नव्हती. खेळाडूचा जुना संघ मात्र कॅप ओलांडूनही त्याला पुन्हा करारबद्ध करू शकतो. म्हणून शूटरच्या मागे दहा संघ असल्याची बातमी येते तेव्हा त्यांतल्या सात-आठ संघांकडे देण्यासारखे फारसे काही नसते.

वेळापत्रकही ठरलेले आहे. २०२४ पासून अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघ स्वतःच्या खेळाडूंशी बोलू शकतो. इतरांना ३० जूनच्या संध्याकाळी सहापर्यंत थांबावे लागते. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट, साडेतीन वाजलेले असतात. बहुतेक करारांवर सह्या ६ जुलैनंतर होतात. ठरलेल्या वेळेआधीच बोलणी केल्याबद्दल २०२१ मध्ये शिकागो आणि मायामी या दोन संघांची दुसऱ्या फेरीतली एकेक ड्राफ्ट निवड, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याची संधी, काढून घेण्यात आली होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात क्ले थॉम्पसनच्या प्रकरणात हे सगळे नियम एकत्र आले. गोल्डन स्टेटमध्ये १३ वर्षे आणि चार अजिंक्यपदे, मध्ये गुडघ्याची आणि घोट्यामागच्या स्नायुबंधाची अशा दोन मोठ्या दुखापती, आणि शेवटच्या सामन्यात सॅक्रामेंटोविरुद्ध १० पैकी एकही शॉट आत नाही. त्या एका रात्रीवरून मत बनवणारे पुष्कळ होते. डॅलसने पूर्ण हंगाम पाहिला: सरासरी १७.९ गुण आणि ३८.७ टक्के थ्री-पॉइंटर. डॅलस नुकताच अंतिम मालिकेत बोस्टनकडून ४-१ ने हरला होता. लुका डॉन्चिच आणि कायरी अर्व्हिंग यांच्यावर दोन-दोन माणसे घालून बाकीच्यांना शॉट मारू देणे प्रतिस्पर्ध्यांना परवडत होते, आणि ते परवडू नये एवढ्यासाठी थॉम्पसन हवा होता. संघाने आधी घरात पाहिले आणि मग बाजारात पाऊल टाकले, याचे हे नेमके उदाहरण.

रक्कम मात्र सवलतीत बसत नव्हती. थॉम्पसनला तीन वर्षांचे ५ कोटी डॉलर मिळाले आणि पहिल्या वर्षाचा पगार दीड कोटीच्या पुढे गेला. त्यासाठी जुन्या संघाने करार करून खेळाडू नव्या संघाकडे पाठवायचा, हा मार्ग वापरावा लागला. त्याला जुन्या संघाची संमती लागते, करार किमान तीन वर्षांचा असावा लागतो, आणि घेणाऱ्या संघाच्या त्या हंगामातल्या एकूण खर्चावर पक्की मर्यादा येते. सहा संघ त्या व्यवहारात गुंतले. एनबीएत एवढा मोठा व्यवहार त्याआधी झालेला नव्हता. डॅलसने जॉश ग्रीनला शार्लटकडे पाठवले, टिम हार्डवे ज्युनियर डिट्रॉइटला गेला आणि बचावात उपयोगी पडणारा डेरिक जोन्स ज्युनियर क्लिपर्सकडे निघून गेला. शूटरची खरी किंमत मोजताना हे सोडून दिलेले खेळाडूही धरायला हवेत. कॅलिफोर्नियातल्या लेकर्सची ऑफर अधिक रकमेची असल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. थॉम्पसनचे वडील लेकर्सचे माजी खेळाडू आणि समालोचक, तरीही तो टेक्सासला गेला. तिथे राज्याचा आयकर नाही, तर कॅलिफोर्नियात वरच्या उत्पन्नावर तो १३ टक्क्यांहून अधिक आहे. पण डॉन्चिचसारखा पास देणारा असताना केवळ कराचा हिशेब त्याने केला असेल, असे मला वाटत नाही.

आणि मग २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने डॉन्चिचलाच लेकर्सकडे पाठवले. महिनाभरात अर्व्हिंगचा गुडघा दुखावला, नव्याने आलेला अँथनी डेव्हिसही जायबंदी झाला. थॉम्पसनने तो हंगाम ३९.१ टक्क्यांवर संपवला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा किंचित चांगल्या. संघ मात्र ३९ विजय आणि ४३ पराभवांवर थांबला आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला नाही. या घसरणीला दुखापती बऱ्याच जबाबदार आहेत, हे मान्य. तरीही शूटरचा हात तोच, टक्केवारी तीच, पगार तोच असताना त्याने मोकळी केलेली जागा वापरणारा माणूस निघून गेला की काय उरते, हे त्या दोन महिन्यांत स्पष्ट दिसले.

कराराच्या लांबीविषयी माझे मत सरळ आहे: रक्कम मोठी चालेल, वर्षे थोडी हवीत. फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये जेजे रेडिकला एका वर्षासाठी २.३ कोटी डॉलर दिले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. तो आकडा कॅपच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढा होता. परंतु त्या संघाकडे कॅपमध्ये जागा होती, बाहेरून शॉट न मारणारा बेन सिमन्स होता आणि रिंगजवळ दोघांना झुंजवणारा जोएल एम्बीड होता. रेडिक एम्बीडच्या भोवती धावत जाऊन त्याच्या हातातून चेंडू घेई. त्याचा बचावपटू मागे राही आणि एम्बीडच्या बचावपटूला दोघांपैकी एकाला सोडावे लागे. संघ २८ विजयांवरून ५२ विजयांवर गेला. त्यात एम्बीडची तब्येत आणि सिमन्सचे पदार्पण यांचा वाटा मोठा आहे, पण ते दोघे एकत्र खेळू शकले याचे श्रेय मी रेडिकच्या धावण्याला देतो. पुढच्या उन्हाळ्यात तो जवळपास निम्म्या पगारावर तिथेच राहिला आणि संघाचे हात बांधले गेले नाहीत. उलट वॉशिंग्टनने २०२० मध्ये डेव्हिस बर्टान्सला एका उत्तम हंगामानंतर पाच वर्षांचे ८ कोटी डॉलर दिले आणि सव्वा वर्षात त्याला दुसरीकडे पाठवले.

राहिला शेवटचा प्रश्न, कमी टक्केवारी आणि जास्त पगाराचा. याचे उत्तर एकाच संघात, एकाच हंगामात मिळते. २०२१-२२ मध्ये मायामीत पीजे टकरने ४१.५ टक्के थ्री-पॉइंटर मारले आणि डंकन रॉबिन्सनने ३७.२ टक्के. टकरचा पगार सुमारे ७० लाख डॉलर, तर रॉबिन्सनचा दीड कोटीहून अधिक, कारण त्याने त्याआधीच पाच वर्षांच्या ९ कोटी डॉलरच्या करारावर सही केली होती. टकर कॉर्नरमध्ये उभा राहून दर सामन्यात तीनच्या आत प्रयत्न करी आणि बचाव त्याला मुद्दाम मोकळे सोडी. रॉबिन्सन सतत पळत, स्क्रीनमागून निघत आठच्या आसपास प्रयत्न करी आणि त्याला एक पाऊलही मोकळे मिळत नसे. त्याच्या मागे दोन बचावपटूंचे लक्ष खर्ची पडे. पगारातला फरक या लक्षाचा होता.

परंतु त्याच वर्षी प्ले-ऑफ आले तेव्हा टकर प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता आणि रॉबिन्सनला बहुतेक वेळ बाकावर बसावे लागले. त्याची जागा मॅक्स स्ट्रसने घेतली होती. प्ले-ऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी चार ते सात वेळा समोर येतो आणि तुमचा सर्वांत कच्चा बचावपटू शोधून प्रत्येक वेळी त्याच्या माणसाला स्क्रीन लावायला बोलावतो. शूटर तिथे टिकला नाही तर त्याने मोकळी केलेली जागा शेवटच्या दहा मिनिटांत उपलब्धच नसते. म्हणून शूटरशी बोलणी करण्यापूर्वी मी त्याच्या शॉटच्या चित्रफितींइतकाच वेळ त्याच्या बचावाच्या चित्रफितींवर घालवीन. त्याने एकट्याने कोणाला रोखावे अशी अपेक्षा नसते. योग्य कोनात उभे राहून घुसणाऱ्याला मदतीच्या दिशेने वळवता आले तरी पुरते. रॉबिन्सनने हे पुढे शिकून घेतले आणि २०२३ मध्ये मायामी अंतिम मालिकेत गेली तेव्हा तो पुन्हा नियमित खेळत होता.

२०२५ च्या जुलैत डिट्रॉइटने त्याला तीन वर्षांच्या, सुमारे ४.८ कोटी डॉलरच्या करारावर मायामीकडून घेतले आणि बदल्यात सिमोने फोंतेक्कियोला पाठवले. मार्ग थॉम्पसनच्या वेळचाच, म्हणून वर्षेही तीनच. डिट्रॉइटकडे केड कनिंगहॅम आहे. उंच, शांत, चेंडू घेऊन पट्ट्यात शिरला की दोन माणसे हमखास ओढणारा. त्याला जागा हवी होती, आणि बचावाची कसर भरून काढतील असे दणकट तरुण त्या संघाकडे आधीपासून होते. मायामीने ज्या खेळाडूला जाऊ दिले तोच खेळाडू त्याच आठवड्यात डिट्रॉइटला एवढ्या पगाराला योग्य वाटला, आणि मला या दोन्ही संघांचा हिशेब बरोबर वाटतो.